लातूरच्या एका वडिलांचा प्रश्न: मुलीने नृत्य हाच व्यवसाय केला तर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी अकरावीला, सतरावं सुरू. नीटचा क्लास चालू आहे. सात वर्षं कथक शिकते, त्यातली मध्यमा ही परीक्षा पूर्ण झाली. आता म्हणते, डॉक्टर नाही व्हायचं, नाचायचं. हल्ली बॅलेचे व्हिडिओ बघते आणि तेही शिकायचं म्हणते. वडील विचारतात: यात पोट भरतं का, शरीर किती वर्षं साथ देतं, लोक काय म्हणतात ते कसं सोसायचं, आणि तुम्हाला पुन्हा संधी मिळाली तर तुम्ही हेच कराल का?

दादा, मी लातूरचीच. पंचवीस वर्षांहून जास्त काळ कथक करते, त्यातली अठरा वर्षं शिकवतेही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: हो, हेच करेन. फक्त पायाखालची फरशी पहिल्या दिवशी बदलेन. असं का म्हणते ते पुढे येईलच.

बॅलेचं आधी सांगून टाकते, कारण तिथे उत्तर सरळ आहे. आनंदासाठी शिकायचं तर कुठल्याही वयात शिकावं. पण बॅले कंपनीत नोकरी मिळवायची तर सतराव्या वर्षी सुरुवात करून ते जमणं फार अवघड. तिकडे मुली आठ-दहाव्या वर्षी शिकू लागतात. अकरा-बाराव्या वर्षी, पाऊल आणि घोटा तयार झालाय हे तपासून, बोटांच्या टोकावर उभं राहायचे पॉइंट शूज पायात येतात. सतरा-अठराव्या वर्षी त्या कंपनीच्या निवडीला उभ्या असतात. अमेरिकेतली मिस्टी कोपलंड तेराव्या वर्षी बॅलेकडे वळली, तर तेसुद्धा उशिरा धरलं गेलं. २०१५ मध्ये ती अमेरिकन बॅले थिएटरची प्रमुख नर्तिका झाली, त्या पदावर पोचलेली पहिली आफ्रिकन-अमेरिकन स्त्री. आणि एवढं सगळं करून कारकीर्द पस्तिशी-चाळिशीत आटोपते. पॅरिस ऑपेराच्या बॅलेत तर निवृत्तीचं वय ४२ ठरलेलं आहे, पेन्शनसकट. डिसेंबर २०१९ मध्ये सरकार पेन्शनची व्यवस्था बदलायला निघालं, तेव्हा तिथल्या नर्तिकांनी ऑपेराच्या दारात, ऐन थंडीत, 'स्वान लेक' हे बॅले नाचून विरोध केला.

हे मुद्दाम सांगतेय. नर्तिकेचं शरीर राबतं, झिजतं, आणि त्याची जबाबदारी कुणीतरी घ्यायला हवी, हे त्या लोकांनी मान्य केलंय. महिन्याचा पगार, हाताशी फिजिओथेरपिस्ट, खाली लवचिक लाकडी जमीन. आपल्याकडे यातलं काहीही आयतं मिळत नाही. बॅलेकडून काही घ्यायचं असेल तर तुमच्या मुलीने शरीराची ही काळजी घ्यावी.

आता पैशाचं. नुसत्या कार्यक्रमांवर घर चालवणारे कथक कलाकार देशात आहेत, पण मोजके, आणि ते बहुतेक दिल्ली, मुंबई, पुणे, कोलकात्यात राहतात. लातूर, नांदेड, परभणीत राहून घर चालतं ते शिकवण्यावर. माझ्याकडे साठेक मुली येतात, महिन्याची फी आठशे रुपये. मे महिन्यात निम्मा वर्ग मामाच्या गावाला जातो. दहावी-बारावीच्या वर्षी चांगल्या तयार झालेल्या मुली एका आठवड्यात बंद होतात. जागेचं भाडं, वीज, वर्षाच्या कार्यक्रमाचा खर्च वजा करता हातात उरतं ते खाजगी शाळेतल्या शिक्षिकेच्या पगाराएवढं. घर चालतं, पण नवीन घर होत नाही. हे मुलीला आकड्यांसकट सांगा. तिला कळतं.

कार्यक्रमाचं मानधन ऐकायला बरं वाटतं, पण ते एकटीचं नसतं. तबला, संवादिनी, गायक, कधी सतार, पढंतीला, म्हणजे बोल म्हणायला, एक जण. आपल्याकडे तबला वाजवणारे गुणी लोक आहेत, भजनात तर एकापेक्षा एक. पण कथकची साथ वेगळी. नर्तिकेने बोल म्हटले की ते तिथल्या तिथे उचलायचे, पायाकडे बघत वाजवायचं, तिहाई, म्हणजे तीनदा घेऊन समेवर येणारा तुकडा, कुठे संपणार हे आधी ओळखायचं. असा साथीदार बहुतेक वेळा पुण्याहून बोलवावा लागतो, त्याचा प्रवास आणि मुक्काम आपल्या माथी. रोजच्या रियाजाला लेहऱ्याचं, म्हणजे तालासोबत फिरत राहणाऱ्या सुरावटीचं, अॅप लावून भागतं, मंचावर नाही भागत.

एकदा एका मोठ्या कार्यक्रमानंतर संयोजकांनी ठरलेलं मानधन दिलंच नाही. 'एवढं व्यासपीठ दिलं, ते काय कमी आहे?' असं म्हणाले. मी वादकांचे पैसे एफडी मोडून दिले. त्या रात्री परतताना गाडीत कुणीच बोललं नाही. तेव्हापासून निम्मी रक्कम आधी आणि सगळं कागदावर, याशिवाय मी घुंगरू बांधत नाही. तुमच्या मुलीने हे पहिल्याच कार्यक्रमापासून करावं. कलाकाराने पैशाचं बोलू नये असं आपल्यावर बिंबवलं जातं, त्याचा फायदा कलेला कधीच होत नाही.

कागदपत्रांचंही बघून ठेवा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा चांगल्याच आहेत, त्यांनी शिस्त लागते. मध्यमा झाली, पुढे विशारद, अलंकार. पण कॉलेजात शिकवायचं असेल तर विद्यापीठाची नृत्यातली एमए आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा लागते. मी अलंकार करून थांबले आणि पस्तिशीत हे कळलं, तेव्हा दोन लहान मुलं आणि वर्ग सांभाळून एमए करणं झालं नाही. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. तिला अठरा पूर्ण होतील तेव्हा विसरू नका. अर्ज भरायला लावा. मिळाली नाही तरी निवडीसाठी केलेली तयारी वाया जात नाही. शिकायला दिल्लीचं कथक केंद्र, पुण्याचं ललित कला केंद्र आहे. जवळ राहायचं तर संभाजीनगरला पार्वती दत्ता यांचं महागामी गुरुकुल आहे. आपल्या मराठवाड्यात, गुरूच्या सहवासात कथक आणि ओडिसी शिकायला मिळतं, ही लहान गोष्ट नाही. माझ्या वेळी मी दर शुक्रवारी रात्रीची एसटी धरून पुण्याला ताईंकडे, माझ्या गुरूंकडे, जायचे. पहाटे शिवाजीनगर स्टँडवर तोंड धुवायचं, शनिवार-रविवार शिकायचं, सोमवारी सकाळी परत. नऊ वर्षं.

आता फरशीकडे येते, कारण याबद्दल कुणीच बोलत नाही.

मी शहाबादी फरशीवर शिकले. आपल्याकडे घरोघरी तीच. उन्हाळ्यात गार, पुसायला सोपी, आणि घुंगरांचा आवाज असा खणखणीत येतो की पोरींना आपण फार तयार झालो असं वाटतं. आता हिशोब बघा. तीनतालाची लय मिनिटाला १२० मात्रांची धरली आणि दुगुणीत, म्हणजे दुप्पट वेगाने, तत्कार (पायांचे आघात) केला, तर मिनिटाला २४० आघात होतात. अर्ध्या तासात ७,२००. म्हणजे एकेका पायाला ३,६०० वेळा दगडावर आपटायचं, रोज, वर्षानुवर्षं. त्यात चक्कर. कथकची चक्कर डाव्या टाचेवर फिरते, सगळं वजन त्या रुपयाएवढ्या जागेवर.

२०११ मध्ये माझी डावी टाच गेली. सकाळी पलंगावरून उतरताना पहिली चार पावलं अशी पडायची की डोळ्यांत पाणी यायचं, मग दहा मिनिटांत पाय मोकळा व्हायचा आणि मी रियाजाला उभी राहायचे. आठ महिने असेच काढले. एका डॉक्टरांनी एक्स-रे बघितला आणि म्हणाले, 'नाचणं बंद करा, या वयात कशाला?' वय होतं एकतीस. दुसरीकडे इंजेक्शन दिलं, तीन महिने बरं वाटलं, दुखणं दुपटीने परत आलं. शेवटी पुण्यात एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी पाय हातात घेण्याआधी विचारलं, 'कशावर नाचता?' इतक्या वर्षांत हा प्रश्न विचारणारं पहिलं माणूस. मी शहाबादी म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

लातूरला आल्यावर सुताराला बोलावलं. बारा बाय सोळा फुटांची जागा. खाली लाकडी पट्ट्यांची चौकट, पट्ट्यांखाली ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे कापलेले तुकडे, वर प्लायवूडचे दोन थर. एका थराला आठ बाय चारच्या सहा शीट बसतात. वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ द्यायचे नाहीत, एवढीच काळजी. सुतार म्हणाला, 'ताई, नाचायला एवढं?' तयार झाल्यावर त्यालाच वर उभं केलं आणि उडी मारायला सांगितलं. तो दोनदा उडाला, हसला, मग खाली वाकून हात फिरवला. घुंगरांचा आवाज आधी मला बसका वाटला. दोन आठवड्यांत कान बदलला: फरशीवर सगळे बोल सारखेच खणखणायचे, लाकडावर टाच आणि चवडा वेगळे ऐकू येऊ लागले. ज्यांना पायाची सफाई हवी त्यांनी लाकडावरच नाचावं, हे माझं आता ठाम मत आहे.

टाच बरी व्हायला चौदा महिने लागले. पोटरी ताणायची, तळव्याचे स्नायू बळकट करायचे, मांड्यांचा व्यायाम. कथकमध्ये आपण ताकद वेगळी कमवत नाही, नाचूनच येईल असं धरतो. ती तेवढी येत नाही. मुलीने आठवड्यातून दोनदा तरी ताकदीचे व्यायाम करावेत. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा बेचाळीसवर जातो, तेव्हा रियाज पहाटे पाचला, आणि पाणी सोबत.

खाण्याचं बोलताना आया अवघडतात, पण बोलायलाच हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यात नाचणाऱ्या मुली बारीक दिसण्यासाठी जेवण टाळतात. श्रम जास्त आणि खाणं कमी झालं की पाळी लांबते, थांबते, आणि पाळी थांबली की हाडं ठिसूळ व्हायला लागतात. बॅलेच्या जगात याची किंमत अनेक मुलींनी मोजली आहे. पाळी दोन-तीन महिने आली नाही तर 'बरं झालं, कार्यक्रमात कटकट नको' असं न म्हणता डॉक्टरांकडे न्या. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, दूध, जमलं तर अंडी. यात महाग काही नाही.

मग किती वर्षं? इथे कथक बॅलेपेक्षा दयाळू आहे. वेगाचा काळ, तोडे-परण अशा वेगवान रचनांचा आणि चक्करचा, पंचेचाळिशीपर्यंत छान चालतो, जपलं तर पुढेही. त्यानंतर अभिनय उघडतो. कथकचे गुरू शंभू महाराज यांचा बसून केलेला भाव आजही लोक सांगतात. बिरजू महाराज सत्तरी ओलांडल्यावरही मंचावर होते. पुण्यात रोहिणीताई भाटे यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू केली आणि त्यांच्या हाताखाली पिढ्या घडल्या. माझी चक्कर आता पूर्वीसारखी नाही, पण एका ठुमरीच्या ओळीवर मी आज जे करू शकते ते पंचविशीत सुचतही नव्हतं.

लोक काय म्हणतात, तेही तुम्ही विचारलं आहे. माझ्या आजोबांनी 'पोरीला नाचायला घालताय का' एवढंच विचारलं आणि दोन वर्षं माझ्या वडिलांशी नीट बोलले नाहीत. लग्नाच्या वेळी दोन ठिकाणी 'लग्नानंतर बंद करणार ना?' असं विचारलं गेलं, दोन्ही ठिकाणी आईने चहाचा कप उचलून आत नेला. या टोमण्यांमागे तमाशाबद्दलचा तुच्छभाव असतो आणि आपण शास्त्रीयवाले तो झटकायला 'आमचं तसलं नाही' म्हणतो. मी तसं म्हणायचं सोडून दिलं. बैठकीची लावणी अदा करणाऱ्या बायांकडे भुवई, मान आणि थांबण्याची जी समज आहे, ती मी त्यांच्याकडून शिकले आहे. नाच म्हणजे नाच. तो मनापासून शिकलेला आहे की नाही, एवढंच बघावं.

आणि नाच आपल्या भागातला नाही असं कुणी म्हणालं तर त्यांना देवगिरी दाखवा. तेराव्या शतकात तिथल्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असताना शार्ङ्गदेवाने 'संगीत रत्नाकर' हा संगीतावरचा ग्रंथ लिहिला. त्याचा सातवा अध्याय पूर्ण नृत्यावर आहे. संभाजीनगरजवळच्या औरंगाबाद लेण्यांत सात नंबरच्या लेण्यात आत गेलात की एक नर्तकी दिसते, भोवती सहा स्त्रिया वाद्यं घेऊन बसलेल्या. मी दरवर्षी माझ्या मुलींना तिथे नेते. बॅटरीच्या उजेडात आधी तिचे पाय बघायला सांगते: वजन कुठे आहे, कंबर कुठे मोडली आहे. मग त्या तशा उभ्या राहायचा प्रयत्न करतात आणि अर्ध्या मिनिटात मांड्या थरथरतात.

आता मिळतं काय, ते सांगते.

२०१६ चा उन्हाळा आठवत असेल. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणलं होतं. त्या मे महिन्यात औसा तालुक्यातल्या एका गावात, देवळाच्या सभामंडपात आमचा छोटा कार्यक्रम होता. मी पनघटाची गत, म्हणजे चालीतून सांगायची गोष्ट, केली. गोपी नदीवर जाते, घागर बुडवते, कमरेवर घेते, घुंगट सांभाळत परतते. शंभरदा केलेली गत. ज्या बाया समोर बसल्या होत्या, त्यांचा दिवस टँकरच्या रांगेत गेलेला. कार्यक्रम संपल्यावर साठीतली एक बाई जवळ आली. म्हणाली, 'बाई, लई ग्वाड नाचलात. पर तुमची घागर रिकामीच हाय की. भरल्याली असती तर दुसरा हात असा जवळ राहातो व्हय? त्यो बाहीर जातो. अन् पाऊल आखूड पडतं.' आणि तिने तिथेच मला चालून दाखवलं, हातात काही नसताना. कंबर एका बाजूला, धड दुसऱ्या बाजूला, मोकळा हात हवेत ताणलेला, पाऊल छोटं आणि सपाट. सभामंडपात घागर मला दिसली, पाण्यासकट.

पुढचे तीन महिने मी तेवढी आठ पावलं केली. खरी भरलेली घागर घेऊन गच्चीवर चालले, खांद्यापर्यंत भिजले, मग घागर ठेवून तेच वजन अंगात राहतं का ते बघितलं. पुढच्या वर्षी पुण्यात ती गत केली तेव्हा ताईंनी कार्यक्रमानंतर एकच विचारलं, 'ही घागर कुठून आणलीस?' एवढ्या वर्षांत मला मिळालेलं सगळ्यात मोठं बक्षीस ते आहे.

रोजचा आनंद वेगळाच असतो. पढंत चालू आहे, तबला सोबत आहे, तिहाईचा शेवटचा 'धा' आणि पायाचा आघात आणि समेची, म्हणजे तालाची पहिली, मात्रा एकाच क्षणी पडते. त्या क्षणी अंगात कुठेही फट राहत नाही. समोर हजार माणसं असोत की सकाळी पाचला रिकाम्या खोलीत एकटी असो, तो क्षण तसाच येतो. ज्याला तो रिकाम्या खोलीतही हवासा वाटतो, त्याने या वाटेला यावं. ज्याला फक्त टाळ्यांत हवा, त्याची या पेशात फार उपासमार होते, पैशाचीही आणि मनाचीही.

म्हणून निर्णयासाठी माझं म्हणणं असं. बारावी व्यवस्थित पूर्ण करू द्या, शास्त्र शाखेतूनच. आत्ता अर्ध्यात सोडायला लावू नका आणि नाच बंद करायलाही लावू नका. 'आधी नीट, मग बघू' म्हणून दोन वर्षं पाय थांबवले तर शरीर बरंच विसरतं, आणि मुलगी मनातून तुटते, हे मी माझ्या वर्गात चार-पाच जणींचं बघितलं आहे. सहा महिने रोज पहाटे एक तास फक्त तत्कार, हस्तक (हातांच्या हालचाली) आणि चक्कर करू दे. रील नाही, कार्यक्रम नाही, कुणी बघायला नाही. तुम्ही उठवायचं नाही. सहा महिन्यांनी ती स्वतःहून उठत असेल तर तिला अडवू नका.

आणि नीटचा अभ्यास वाया गेला असंही समजू नका. आपल्या राज्यात फिजिओथेरपीचे प्रवेश नीटवरूनच होतात. नर्तकांचं शरीर कळणारे फिजिओथेरपिस्ट मराठवाड्यात हवेच आहेत. नाचणारी मुलगी तो अभ्यास करून आली तर माझ्यासारख्यांच्या पुढच्या पिढीची टाच वाचेल. तिला ही वाट सुचवून बघा, लादू नका.

रविवारी सकाळी सातला माझा मोठ्या मुलींचा वर्ग असतो. तिला घेऊन या, तुम्हीही बसा. घुंगरू आणू नका म्हणावं. आधी लाकडावर अनवाणी उभी राहू दे, पाय कसे पडतात ते मला ऐकायचं आहे.